फाइल घेऊन बाहेर बसू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. मी ५४ वर्षांची, हे ६१. गेल्या दिवाळीनंतर ह्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आठ महिने होत आले. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची ती रक्ततपासणी, चांगली आहे, डॉक्टर खूश आहेत. पण तेव्हापासून हे माझ्या जवळ येत नाहीत. वन बीएचके आहे. बेडरूम मुलगा-सुनेची, आम्ही हॉलमध्ये. आधी लघवी गळायची म्हणून हे स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायला लागले. आता गळणं बरंच थांबलंय, तरी चटई तिथेच. मी हात धरला तर सोडवून घेतात. परवा शर्ट धुवायला घेतला तर खिशात कॅप्सूलची बाटली निघाली, वर नाव-गाव काही नाही. स्टेशनजवळच्या कुठल्याशा दवाखान्यातून आणली म्हणे. मला ह्या वयात ते सुख नाही मिळालं तरी चालेल. मलाही आता कोरडेपणामुळे दुखतं, ते असो. पण हे असे गप्प झालेले बघवत नाहीत.

उत्तर : आधी त्या बाटलीचं बघू. ती आजच बंद करा. लोकलमधून जाताना रुळांलगतच्या भिंतींवर ‘मर्दाना ताकद’ आपण सगळेच वर्षानुवर्षं वाचत आलोय. ऑपरेशननंतर घाबरलेला माणूस आधी तिकडेच वळतो, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही. अशा बिनलेबलाच्या कॅप्सूलमध्ये जडीबुटीच्या नावाखाली सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं सापडतं. किती मिसळलंय, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. कोणी ‘ताकदीचं’ टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊ केलं तर तेही घ्यायचं नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर याच हार्मोनवर पोसतो. मात्र त्यांच्यावर रागावू नका. त्यांना तुमच्याजवळ यायचंय, म्हणून तर ते त्या दवाखान्याची पायरी चढले.

आता ऑपरेशनमध्ये काय होतं ते सांगते. प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना अगदी चिकटून बारीक नसा जातात, ताठरता त्यांच्यामुळे येते. १९८२ साली अमेरिकेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी या नसा ओळखून, राखून ऑपरेशन केलं. त्याआधी बहुतेकांची ताठरता जायचीच. आता शक्य असेल तिथे नसा राखतात, गाठ त्यांना लागून असेल तर राखता येत नाहीत. राखलेल्या नसाही ऑपरेशनच्या ओढाताणीने बधिर होतात आणि पूर्ववत व्हायला दीड-दोन वर्षंसुद्धा घेतात. म्हणजे आठव्या महिन्यात काही होत नाही म्हणून सगळं संपलं असं कोणी धरून बसू नये. डॉक्टरांना एकच नेमकं विचारा : नसा दोन्ही बाजूंच्या राखल्या होत्या, एका बाजूची, की कुठलीच नाही? पुढचे उपाय बरेचसे त्यावर ठरतात.

आणि हे तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. स्पर्शाची जाणीव आणि शेवटचं ते सुख वेगळ्या नसांवर अवलंबून असतं, त्या नसांना या ऑपरेशनमध्ये सहसा धक्का लागत नाही. लिंग ताठ झालं नाही तरी हाताच्या स्पर्शाने ते सुख मिळू शकतं. वीर्य येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. त्यात बिघडलं काही नाही. माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या पुरुषांना मी हे सांगते तेव्हा खाली घातलेली मान बहुतेकदा इथेच वर येते. कित्येकांनी ताठरता नाही म्हणजे बायकोच्या अंगाला हात लावायचाही हक्क नाही, असा हिशोब परस्पर करून टाकलेला असतो. तुमच्या घरातली चटई त्याच हिशोबातून स्वयंपाकघरात गेली असावी, असं मला वाटतं.

त्या क्षणी काहींना थोडी लघवी येते. आधी लघवीला जाऊन यायचं, खाली टॉवेल घालायचा, हवं तर कंडोम वापरायचा. त्या लघवीने तुम्हाला काही अपाय होत नाही. गॅस रोखताना जे स्नायू आपण आवळतो, ते आवळून-सोडण्याचा व्यायाम रोज करायला हवा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण बरेच जण त्याऐवजी पोट आवळत बसतात.

उपचार आहेत आणि ते यूरॉलॉजिस्टकडेच आहेत. सुरुवात बहुधा सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलच्या गोळीने करतात. गोळी घेऊन छताकडे बघत पडून राहिलं तर काही होत नाही, जवळीक लागतेच. सिल्डेनाफिल भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते. शिवाय नसा अजून बधिर असतील तर गोळी फिकी पडते, म्हणून दोनदा घेऊन सोडून देऊ नका. मग हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप असतो. हवा काढली की रक्त भरतं, मुळाशी रबराची रिंग चढवायची आणि अर्ध्या तासाच्या आत काढायची. लिंगात बारीक सुईने द्यायचं इंजेक्शनही असतं. ऐकून अंगावर काटा येतो, पण शिकलेल्याला ते फारसं दुखत नाही. पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यायचा आणि ताठरता चार तासांवर टिकली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. यातलं काहीच लागू पडलं नाही तर इम्प्लांटचं ऑपरेशन असतं.

पण हे सगळं विचारणार कोण? मला दिसतं ते असं : नवरा आत जातो, बायको फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन कॉरिडॉरच्या बाकावर. आत ज्युनिअर डॉक्टर, मागे पुढचा पेशंट उभा. डॉक्टर म्हणतात पीएसए छान, तीन महिन्यांनी या. हे बाहेर येतात. पुढच्या खेपेला तुम्ही आत जा. “मला तुमच्याबरोबर आत यायचंय,” एवढंच आदल्या रात्री सांगा. आणि तोंडातून शब्द फुटणार नाहीत म्हणून कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर टाचणीने लावा : ‘ऑपरेशननंतर ताठरता येत नाही. आम्हा दोघांना उपचार हवेत.’ डॉक्टर फाइल उघडतात तेव्हा ते वाचतातच.

घराचं म्हणाल तर हे काम रात्रीच करायचं असा नियम नाही. मुलगा-सून कामाला जातात ना? दुपारी दार लावा, फोन बंद करा. पहिले काही दिवस संबंधाचं नावही काढायचं नाही असं दोघांनी ठरवा. नुसतं शेजारी पडायचं, पाठीला तेल लावायचं, बोलायचं. परीक्षा नाही म्हटल्यावर माणूस सैल होतो.

आता तुमचं. चार पानी पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि ‘ते असो’ म्हणून पुसून टाकलीत. मी ती पुसू देणार नाही. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर पाण्याचा बेस असलेली ल्युब्रिकंट जेल केमिस्टकडे मिळते. तेवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ क्रीम देतात. तुम्हाला दुखत असेल तर त्यांच्या गोळीचा उपयोग काय? आणि ५४ हे ‘नाही मिळालं तरी चालेल’ म्हणण्याचं वय आहे, हे कोणी ठरवलं?

ज्यांच्या नवऱ्याला महिन्या-तीन महिन्यांनी हार्मोन दाबणारं इंजेक्शन चालू आहे, त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते. त्या औषधाने इच्छाच मावळते. अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, काहींना उगाच रडू येतं. हा औषधाचा परिणाम आहे. तुमच्यावरची माया आटली असा अर्थ काढू नका.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, लालबागला राहतो. हॉजकिन्स लिम्फोमाचं, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरचं, निदान झालंय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. लग्न ठरलेलं आहे. एका मित्राने वीर्य साठवून ठेव म्हणून सांगितलं. आई म्हणते, आधी बरा तर हो.

उत्तर : आईची काळजी खरी आहे, पण या बाबतीत मित्राचं ऐक, आणि उद्याच फोन कर. नमुना पहिल्या केमोच्या आधीच द्यावा लागतो. एचआयव्ही आणि कावीळ बी-सीच्या रक्ततपासण्या होतात, दोन-तीन दिवस वीर्यपतन टाळायला सांगतात आणि नमुना द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवतात. वेळ असेल तर एकाहून जास्त नमुने दे. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा, घरून न्यायचा तर तासाभरात पोचवावा लागतो आणि परळच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. त्या खोलीत अवघडायला होईल, पण तिथल्या लोकांचं ते रोजचं काम आहे. उपचारांनंतर पुष्कळांची प्रजननक्षमता परत येते. तुझी येईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून ही तजवीज. केमो चालू असताना कंडोम वापरायचा, आणि संपल्यावर मूल किती महिन्यांनी होऊ द्यायचं ते डॉक्टरांना विचारायचं. होणाऱ्या बायकोला हे तू स्वतः सांग, घरच्यांकडून कळू देऊ नकोस.

प्रश्न : वय ४६, बोरिवली. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झाला. जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढण्याचं कमांडो ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) घेऊन झाला. माझं उष्टं-पाष्टं, जवळ झोपणं यातून बायकोला लागण होईल असं माझी सासू म्हणते. बायको मुलीजवळ झोपते.

उत्तर : कॅन्सर उष्ट्यातून, चुंबनातून किंवा संबंधातून लागत नाही. तुमच्या पेशी तिच्या शरीरात रुजत नाहीत. बाहेरून मशिनने घेतलेल्या शेकाचे किरणही अंगात उरत नाहीत. हे तुम्ही सांगून सासूबाईंना पटणार नाही, म्हणून पुढच्या तपासणीला बायकोबरोबर त्यांनाही न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. तोंड कमी उघडतं, लाळ एका बाजूने येते, याची लाज तुम्हालाच जास्त वाटत असणार. तोंड उघडण्याचे व्यायाम चुकवू नका, जवळ रुमाल आणि पाणी ठेवा, आणि ऑपरेशन न झालेल्या बाजूचा गाल तिच्याकडे येईल असे झोपा. तुम्ही तंबाखू सोडली का, ते लिहिलं नाहीत. सोडली नसेल तर पुढच्या पत्राची वाट न बघता डॉक्टरांकडे तंबाखूमुक्तीचं समुपदेशन मागून घ्या.