मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावर खास डिटेक्टर नसेल, तरी वैश्विक किरणांतले चढउतार मोजता येतात का?

हो, येतात, यानाच्या संगणकाच्या मेमरीत होणाऱ्या चुका मोजून. वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान भारित कण. असा कण मेमरीतून गेला की एखादा बिट उलटतो, ० चा १ होतो. यानाचं सॉफ्टवेअर ती चूक शोधून दुरुस्त करतं आणि एका काउंटरमध्ये नोंदवतं. खरं तर हा काउंटर संगणकाची प्रकृती ठीक आहे ना, एवढं पाहण्यासाठी असतो. पण युरोपच्या 'मार्स एक्सप्रेस'च्या २००५ ते २०२० या काळातल्या नोंदी शास्त्रज्ञांनी सौरडागांच्या (सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांच्या) संख्येशी ताडून पाहिल्या (संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं), तेव्हा सौरचक्राचा, म्हणजे सूर्याची सक्रियता साधारण ११ वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होते त्याचा, ठसा त्यात स्पष्ट दिसला. सूर्य सक्रिय असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र सौरमालेबाहेरून येणारे वैश्विक किरण जास्त अडवतं, म्हणून चुका घटतात. मात्र हा परिणाम मंगळापाशी साधारण साडेपाच महिने उशिरा जाणवतो. धूमकेतूकडे गेलेल्या युरोपच्याच 'रोझेटा' यानाच्या नोंदी जोडल्यावर आणखी एक गोष्ट हाती आली: सूर्यापासून दूर जाताना दर एक खगोलीय एककामागे (म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढ्या सरासरी अंतरामागे) चुका सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढतात. जुन्या यानांची अशी साठवलेली माहिती जपायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

एक मर्यादा लक्षात घ्या. कण कोणता होता आणि त्याची ऊर्जा किती, हे काउंटर सांगत नाही. सौर वादळातल्या कणांमुळेही आकडा अचानक उसळतो, ते दिवस वेगळे काढावे लागतात.