वर्दीतला 'च'

"वर्दी मिळाली नाही, आता संरक्षणाचा अभ्यास करून काय उपयोग?" पुण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. पाठोपाठ पालकांचा: "नुसतं वाचून पोट भरतं का?" म्हणून ही एक हकीकत, ओळखीच्या खुणा बदलून.

मुलगा साताऱ्याकडचा, वडील निवृत्त सुभेदार. एसएसबीतून, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीतून, तीनदा परत आलेला, सामरिकशास्त्रात एम.ए. करणारा. "मॅडम, आप्पांना काय तोंड दाखवू? मला वर्दीच हवी होती."

तिसऱ्या भेटीत तेच वाक्य मी त्याला कागदावर लिहायला लावलं आणि म्हटलं, "यातला 'च' खोड." त्याने खोडला. 'मला वर्दी हवी होती.' बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला, डोळे भरून आले. "वाईट वाटतंय. पण सगळं संपलं, असं नाही वाटत."

मी विवेकनिष्ठ विचारांची. दुःख अपयशाचं असतं, खचवतो तो हा हट्टी 'च', असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. त्या दिवशी तो माझ्या कानाला टोचला, याचं आजही समाधान वाटतं.

"वर्दी कशासाठी हवी होती?"

"देशाच्या सुरक्षेत माझा हात असावा म्हणून."

मग मी के. सुब्रह्मण्यम यांच्याबद्दल सांगितलं. रसायनशास्त्र शिकलेले आयएएस अधिकारी. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, 1965 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आयडीएसए या संरक्षणविषयक संशोधन संस्थेचे ते दोनदा संचालक झाले. कारगिलनंतरच्या आढावा समितीचे अध्यक्षही तेच. त्या अहवालावरून नेमलेल्या मंत्रिगटाने 2001 मध्ये संरक्षण दल प्रमुखपद सुचवलं. 1 जानेवारी 2020 ला जनरल रावत त्यावर रुजू झाले.

"एकोणीस वर्षं?"

"हो. इथे धीर लागतो."

पोटापाण्याचंही स्पष्ट बोललो. संशोधन संस्थांतल्या नोकऱ्या बऱ्याचदा कराराच्या, त्याही दिल्लीकडे जास्त. म्हणून आधी नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, द्यावी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. एकच विषय धरावा, चीन किंवा नौदल किंवा संरक्षण खर्च. चीन धरला तर चिनी शिकायलाच हवी. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल फुकट मिळतात, ते वाचावेत आणि मराठीतही लिहावं.

शेवटच्या भेटीला आप्पा आले. "हा लढणार कुठे?" त्यांनी मला विचारलं. उत्तर मुलाने दिलं. 2023-24 चा संरक्षण अर्थसंकल्प काढला: 5 लाख 94 हजार कोटी, त्यात निवृत्तिवेतनाचे 1 लाख 38 हजार कोटी. "आप्पा, तुमची पेन्शन आणि नव्या तोफा एकाच थैलीतून येतात. कुणाला किती, हे मांडायला माणूस लागतो."

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि खिशात चष्मा चाचपू लागले.