पत्रपेटी : छातीतल्या चुकणाऱ्या ठोक्यांबरोबर राहताना

प्रश्न : डॉक्टरताई, सा. न. माझं वय ४६. फलटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीपासून छातीत मधूनच एखादा ठोका चुकतो, क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटतं आणि मग आतून जोरात धक्का बसतो. कधी दिवसात चार-सहा वेळा, कधी रात्री पाठ टेकली की ओळीने. ईसीजी आणि टू-डी इको नॉर्मल, पंपिंग ६२ टक्के. ट्रेडमिल टेस्टही नॉर्मल. चोवीस तास छातीला लावून ठोके नोंदवणाऱ्या हॉल्टर मशिनमध्ये १,०२,००० ठोक्यांपैकी ८,९०० ‘व्हीपीसी’, म्हणजे वेळेआधी पडणारे ठोके, निघाले. सगळे सुटे किंवा एकाआड एक, सलग असे नाहीत. हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ मिस्टर म्हणतात, मनाचे खेळ आहेत. सासऱ्यांच्या ओळखीच्या वैद्यांनी नाडी पाहून नुसती मान हलवली, तेव्हापासून सासूबाई मला पाण्याची कळशीही उचलू देत नाहीत. घरच्या बीपी मशिनवर एकदा नाडी ४१ आली, त्या रात्री शेजाऱ्यांनी जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिली. डाव्या कुशीवर झोपणं सोडलं, चहा सोडला, भजनात वरचा सूर लावणं सोडलं. आमचं मंडळ दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालतं. यंदा जाऊ की नको?
– एक भगिनी, फलटण तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. धोका नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या रिपोर्टांवरून मलाही पटतं. पण ‘काही नाही’ हे मला पटत नाही. दिवसातून ८,९०० वेळा जे घडतं ते नक्कीच काहीतरी आहे, आणि तुम्हाला ते जाणवतं यात मनाचा खेळ नाही. घाईच्या ओपीडीत हे दोन्ही एकाच वाक्यात उरकलं जातं, आणि बाईमाणूस घरी येऊन रात्रभर मनगट धरून बसते.

मी हे लिहिते ते नुसती डॉक्टर म्हणून नाही. २००३ पासून माझंही हृदय असंच चालतं. तेव्हा माझं वय ३९, आईचं आजारपण चालू, रात्रीच्या जागरणांचा हिशेब नव्हता. साताऱ्यात तेव्हा लोडशेडिंग असायचं. रात्री पंखा बंद पडला की खोलीत इतकी शांतता व्हायची की उशीला टेकलेल्या कानात आपलाच ठोका ऐकू यायचा. टक, टक, टक, मग काहीच नाही, आणि मग धाड्. मी एमडी झालेली बाई, असे ठोके असलेले कितीतरी पेशंट ‘घाबरू नका’ म्हणून घरी पाठवलेले, आणि ती रिकामी जागा आली की माझे हातपाय गार पडायचे. नंतर मलाही हॉल्टर लावलं. कधी जाणवलं ते वहीत वेळेसकट लिहायचं होतं. मी ३१ वेळा लिहिलं. मशिनने ४,२०० मोजले. माझ्या ३१ पैकी सहा वेळा पट्टीवर चुकलेला ठोका नव्हताच, नुसती धडधड वाढलेली होती, आणि ती माझ्या घाबरण्याची होती. त्या सहा नोंदी मी अजून विसरलेले नाही.

आता आत काय होतं ते सांगते, कारण हे नीट कळलं की अर्धी भीती ओसरते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ताल धरणारा एक बिंदू असतो. त्याच्या इशाऱ्यावर एरवी सगळं चालतं. कधी खालच्या कप्प्यातली एखादी जागा मध्येच, वेळेआधी, स्वतःचा इशारा देते. त्या वेळी कप्पा अर्धवटच भरलेला असतो, म्हणून तो ठोका अशक्त पडतो आणि बऱ्याचदा मनगटापर्यंत पोचतही नाही. पाठोपाठ नेहमीचा इशारा येतो, पण स्नायू अजून सावरलेला नसल्याने तो वाया जातो. म्हणून ती पोकळी. हृदय तेवढ्या वेळात थांबलेलं नसतं, भरत असतं. जास्त भरतं म्हणून पुढचा ठोका जोरात येतो. ज्या धक्क्याने तुमच्या काळजात धस्स होतं, तो चुकलेला ठोका नव्हे. तो त्याच्या नंतरचा, अगदी ठणठणीत ठोका आहे.

मशिनवरच्या ४१ चं उत्तरही यातच आहे. कधी कधी एक नेहमीचा, एक आगंतुक, असे ठोके जोडीने चालतात. तुमच्या हॉल्टरमध्येही तसे आहेत. बीपी मशिन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दोघंही नाडी मोजतात. आगंतुक ठोका मनगटापर्यंत पोचलाच नाही तर मोजणी निम्मी होते. त्या रात्री तुमचं हृदय बहुधा ८२ ने चालत होतं आणि मशिनला ४१ दिसले. पुन्हा असं झालं तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून किंवा ईसीजी काढूनच ठोके मोजून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा : आकडा कमी आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे अंधारी, घाम, तोल जाणं असं काही असेल तर मशिन चुकलं असं समजून घरी बसू नका.

सॉर्बिट्रेटचं मी रागाने लिहिते आहे, शेजाऱ्यांवर नव्हे, पण या सवयीवर. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि बीपी खाली आणते. तुमच्या ठोक्यांवर तिचा काही उपयोग नाही. उलट बीपी उतरलं की हृदय जास्त जोरात धावतं, चक्कर येते. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली त्याचीच ती गोळी.

वैद्यबुवांनी मान का हलवली तेही मला कळतं. शार्ङ्गधरसंहितेत थांबत थांबत चालणाऱ्या नाडीला प्राणनाशिनी म्हटलं आहे. ज्या काळात तीन बोटांपलीकडे साधन नव्हतं, त्या काळात कमकुवत हृदयाची थांबणारी नाडी आणि निरोगी हृदयाची थांबणारी नाडी वेगळी काढायची सोय नव्हती. आज इको आहे. हृदयाची रचना आणि ताकद चांगली आहे की नाही, यावर या ठोक्यांचा अर्थ ठरतो. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे भरपूर ठोके असलेल्या, पण एरवी निरोगी ७३ जणांवर सरासरी साडेसहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. इतर निरोगी माणसांपेक्षा त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले नाहीत. सासूबाईंना हे वाचून दाखवा आणि कळशी उचला.

‘मग ठोके बंद करणारी गोळीच द्या ना,’ असं मला दर महिन्याला कुणीतरी म्हणतं. १९८९ मध्ये मी एमडी करत होते तेव्हाची गोष्ट आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटांचे असे ठोके औषधाने दाबले तर ते जास्त जगतील, या आशेने अमेरिकेत एक मोठी चाचणी चालू होती. औषधांनी ठोके दाबले खरे, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू वाढले आणि त्या औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. ते पेशंट तुमच्यापेक्षा वेगळे होते, त्यांचं हृदय दुखावलेलं होतं. पण रिपोर्टमधला आकडा छान दिसावा म्हणून गोळी देऊ नये, हे तेव्हापासून माझ्या हाडात बसलं. त्रास फार असेल तर मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर थोड्या मात्रेत देतात. दमेकऱ्यांना ती जपून द्यावी लागते, आणि सुरू केली तर मनानेच एकदम बंद करायची नसते. आपण त्या वळणावर अजून आलेलो नाही.

कारण तुमच्या पत्रात एक आकडा कोपऱ्यात पडून राहिला आहे. हिमोग्लोबिन ९.४. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त काम पडतं, धडधड वाढते, आगंतुक ठोकेही जास्त जाणवतात. ४६ व्या वर्षी पाळीचं काय चाललंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे बायका ते लिहीत नाहीत. रक्तस्राव जास्त होत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. लोहाची पातळी, थायरॉइडची टीएसएच आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम या तपासण्या करून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल, किंवा थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होत असेल, तरी असंच होतं. लोहाच्या गोळ्या रोज घेतल्या तरी रक्त भरायला दोन-तीन महिने लागतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. मॅग्नेशियमच्या बाटल्या मात्र तपासल्याशिवाय विकत आणू नका. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही ठोके वाढवतं.

चहा सगळा सोडलात, त्याचं मला वाईट वाटलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० जणांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस बिनकॉफीचं ठेवलं. वरच्या कप्प्यातल्या आगंतुक ठोक्यांत खास फरक पडला नाही. खालच्या कप्प्यातले, म्हणजे तुमच्यासारखे, दिवसाला सरासरी १०२ वरून १५४ झाले, आणि कॉफीच्या दिवशी झोप अर्ध्या तासाहून जास्त घटली. म्हणजे फरक आहे, पण थोडा, आणि माणसागणिक वेगळा. दोन आठवडे सकाळी एकच कप घ्या आणि बघा. माझ्या बाबतीत चहाने काही होत नाही. उशिराचं जेवण आणि अपुरी झोप लागलीच नडते. रात्री नऊनंतर भाकरी-पिठलं खाऊन आडवी झाले की पोट फुगतं आणि ठोके सुरू. साडेसातला जेवायला लागल्यापासून माझ्या रात्री बदलल्या.

डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं, म्हणून ठोके जास्त जाणवतात, इतकंच. त्याने इजा होत नाही. उजव्या कुशीवर बरं वाटत असेल तर तसं झोपा. खोलीत थोडा आवाज राहू द्या, पंखा किंवा हळू आवाजात रेडिओवरचे अभंग. ओळीने ठोके सुरू झाले तर पडून मोजत बसू नका. उठून ओसरीवर दहा-पंधरा फेऱ्या मारा. नाडीचा वेग थोडा वाढला की आगंतुकाला मध्ये शिरायला जागाच उरत नाही, पुष्कळांचे ठोके तिथेच विरतात. किंवा बसून श्वास हळू सोडा, घेताना चार अंक आणि सोडताना आठ. तुम्ही भजन गाता, लांब श्वास तुम्हाला शिकवायला नको. वरचा सूर पुन्हा लावा.

मनगट धरून बसण्याची सवय मात्र आजपासून सोडायची. बोट नाडीवर गेलं की मन पुढच्या पोकळीची वाट बघतं, वाट बघण्याने अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, आणि त्याने ठोके वाढतात. बीपी मशिन कपाटात वर ठेवा, आठवड्यातून एकदा काढा.

फक्त एकदा, शेवटचं, मनगट मिस्टरांच्या हातात द्या. ठोके चालू असताना त्यांना सांगा, बोटं ठेवा आणि गप्प बसा. माझ्या घरी हे सासूबाईंनी केलं. एका रात्री लाइट गेलेली, मी अंगणात बसलेली. त्या शेजारी येऊन बसल्या, न विचारता माझं मनगट हातात घेतलं. दोन मिनिटांनी म्हणाल्या, ‘अगं, खरंच थांबतेय की गं. आणि परत चालतेय.’ त्यांनी हात सोडला नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

आता कशाकडे दुर्लक्ष करायचं नाही ते. शुद्ध हरपली, चालताना किंवा चढताना हे आगंतुक ठोके वाढत गेले, छातीत दडपण आलं, पूर्वी न लागणारी धाप लागली, किंवा धडधड एकदम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं थांबेना, तर त्याच वेळी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. घराण्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि तुमचे आगंतुक ठोके एकूण ठोक्यांच्या जवळपास पावणेनऊ टक्के आहेत. दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर काही जणांचं हृदय काही वर्षांत थकू लागतं. वेळीच कळलं तर औषधाने किंवा वेळेआधी इशारा देणारी ती एवढीशी जागा जाळून बहुतेकांचं ते पुन्हा सावरतं. म्हणून वर्षभराने इको आणि हॉल्टर पुन्हा करा, तब्येत बरी वाटत असली तरी.

राहिली वारी. ट्रेडमिलवर तुम्ही धावलात आणि काही निघालं नाही, तेव्हा माझ्याकडून हो. रक्त मात्र तोवर भरायला हवं. हिमोग्लोबिन ११ च्या आसपास आलेलं बघून डॉक्टरांशी एकदा बोला आणि निघा. लोणंदहून तरडगाव आणि दुसऱ्या दिवशी फलटण, दोन्ही दिवस पाण्याच्या दोन बाटल्या खांद्याला असू द्या, एकीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की ठोके हमखास वाढतात. उपासाच्या दिवशी निर्जळी नको, आणि साबुदाण्याच्या खिचडीने पोट गच्च भरू नका, केळी आणि ताक बरं. तुमच्याबरोबरच्या एकीला हे सगळं सांगून ठेवा, म्हणजे वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण बघताना छातीत उसळी आली तर हात धरायला कुणी असेल.

तयारी उद्यापासून. संध्याकाळी शाळा सुटल्यावर कालव्याच्या कडेने वीस मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. त्या पत्रात ठोके किती चुकले ते नको, कुठवर चालत गेलात ते लिहा.