आधी ‘वाढवा’, मग ‘कमी करा’

“ताई, लागून सुट्ट्या आल्या की लोक खूश होतात. मला धडकी भरते.”

इंदूरच्या रामबागेकडच्या एका मराठी घरातली सून सल्ला मागायला माझ्यासमोर बसली होती. (ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत.) २०२५मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी जन्माष्टमी, मग रविवार. तिनं आठवडाभर आधीपासून ठरवलं होतं, तीन संध्याकाळी तीन सिनेमे, सगळ्यांनी मिळून. टीव्ही नवा, भिंतीएवढा. शुक्रवारी भुट्ट्याचा कीस, शनिवारी उपासाची साबुदाणा खिचडी. बाहेर पावसाची झड लागलेली. म्हणजे कोणाला बाहेर जायचं निमित्तही नाही.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं सिनेमा निवडण्यातच पाऊण तास घालवला. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला सासरे, म्हणजे अप्पा, म्हणाले, “आवाज वाढवा.” वाढवला. थोड्या वेळानं मारामारी सुरू झाली तर अप्पांनी कानावर हात ठेवला, “अरे कमी करा, कान फोडता का माझे!” कमी केला. मग दर दोन मिनिटांनी “काय म्हणाला तो?” पंधरा वर्षांचा नातू आधी सांगत होता, मग सांगेनासा झाला, शेवटी “आप ही देख लो” म्हणून उठून खोलीत गेला. सासूबाई त्याच्यावर ओरडल्या, नवरा मोबाइलमध्ये शिरला आणि ही कढई घेऊन स्वयंपाकघरात उभी. शनिवारी अप्पा आठ वाजताच जाऊन झोपले. रविवारी टीव्ही कोणी लावलाच नाही.

“पाच माणसं एका खोलीत अडीच तास बसू शकत नाहीत. आमचं घर तुटत चाललंय का?”

हा प्रश्न मला सणांच्या सुट्ट्यांनंतर हमखास ऐकू येतो. शब्द वेगळे असतात, दुखणं तेच असतं. वर्षभर जो तो आपापल्या वेळापत्रकात असतो, म्हणून सुट्टीतल्या त्या अडीच तासांवर आपण सगळा भार टाकतो. सिनेमा नीट पार पडला तर घर एक आहे, नाही पडला तर काहीतरी बिनसलंय, असा हिशोब मनात मांडलेला असतो.

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. मला ते रिमोटचं भांडण वाटलं. एका घरात तीन पिढ्या, प्रत्येकाची आवड वेगळी, आणि शब्द कोणाचा चालायचा हा जुनाच प्रश्न. मी पाळी लावून दिली. एका दिवशी अप्पांच्या पसंतीचा सिनेमा, एका दिवशी नातवाच्या. गणपतीच्या दिवसांत त्यांनी ते करूनही पाहिलं. अप्पांच्या पाळीला अप्पांनीच निवडलेला जुना सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात तेच पेंगले.

ती परत आली तेव्हा चिडलेली होती. “मुद्दाम करतात, ताई. आधी वाढवा म्हणायचं, वाढवला की ओरडायचं. आम्ही करायचं तरी काय?”

हे वाक्य ती पहिल्या दिवशीही बोलली होती. तेव्हा मी त्यात स्वभाव ऐकला होता. आता विचारलं, “वाढवा म्हणतात तेव्हा पडद्यावर काय चाललेलं असतं?” ती थांबली. आठवून म्हणाली, “कोणीतरी हळू बोलत असतं.” आणि कमी करा? “म्युझिक. गाड्या, मारामारी.” मग मी अप्पांच्या नोकरीबद्दल विचारलं. १९६८ ते १९९१, कापड मिलमध्ये, मागांच्या खात्यात. तेवीस वर्षं.

मागांच्या खात्यातला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. रोज आठ तास ऐकायचा तर ८५ डेसिबलच्या पुढे कानाला धोका सुरू होतो. अशा आवाजानं आतल्या कानातल्या नाजूक पेशी कायमच्या जातात, आणि आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकायच्या पेशी जातात. वयानंही हेच होतं. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ यांच्यासारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते, ती गळून पडते. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय हे कळत नाही. आणि अशा कानाची सहनशक्ती विचित्र आखडते. हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज निरोगी कानाला लागतो तितकाच, कधी त्याहून जास्त लागतो. मधली जागाच उरत नाही. अप्पा “वाढवा” म्हणत होते तेही खरं होतं, “कमी करा” म्हणत होते तेही खरं होतं.

पण हा माझा अंदाज होता. पुढच्या वेळी मी अप्पांना बरोबर घेऊन यायला सांगितलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, स्वच्छ सदरा, ताठ बसलेले. समोरासमोर उत्तम बोलत होते. रीगल, मधुमिलन या टॉकीजच्या आठवणी निघाल्या. टॉकीज गेल्या, चौकांना नावं राहिली. “तिथं सगळं कळायचं हो,” ते म्हणाले. बोलता बोलता मी उठले, पाऊस आत येत होता म्हणून खिडकी लावायला गेले आणि त्यांच्याकडे पाठ असतानाच नेहमीच्या आवाजात विचारलं, “अप्पा, पाणी घेणार का?” उत्तर नाही. वळून पाहिलं तर ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मी खुर्चीत येऊन बसले आणि तेच, त्याच आवाजात विचारलं. “हो, अर्धा पेला द्या.”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. ती काही बोलली नाही. पुढे कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी त्यांना सरळच विचारलं, घरात सांगितलं का नाही कधी? बराच वेळ गेला. “बहिरा झाला म्हटलं की माणसाला काही विचारतच नाहीत घरात. सगळे हसले की मी पण हसतो. काम भागतं.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे साठीपुढच्या १०० जणांपैकी ६५हून अधिक जणांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू कमी येतं. तरी आपल्या घरांत चष्मा पटकन लागतो आणि कानाचं यंत्र वर्षानुवर्षं टळतं. चष्मा लागल्यावर कोणी कोणाला हसत नाही. ‘बहिरा’ हा शब्द मात्र आपण शिवीसारखा वापरतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, मग श्रवणतपासणी केली. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचा आलेख खाली घसरलेला होता. यंत्र लागलं. मी घरच्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, की यंत्र घातल्या दिवशी सिनेमा लावायचा नाही. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज एकदम आले की मेंदू गोंधळतो. भांड्यांचा खणखणाट, पंखा, स्वतःचा आवाजसुद्धा नकोसा होतो. आधी शांत खोलीत एका माणसाशी बोलणं, दिवसातले दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवायचं. यात काही आठवडे जातात. “लाखभर घातले आणि कपाटात पडलंय” असं ज्या घरांतून ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा घाई झालेली असते.

टीव्हीचाही दोष होता. टॉकीजमध्ये संवाद पडद्यामागच्या स्पीकरमधून थेट समोर येतात. घरच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर लहान, आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. त्यात सिनेमाचं ध्वनिमिश्रण मोठ्या हॉलसाठी केलेलं, म्हणजे कुजबुज फारच हळू आणि स्फोट फारच मोठा. तरुण कानांनाही संवाद निसटतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करायचा पर्याय होता, तो नातवानंच शोधला. पडद्यावर खाली संवादांची अक्षरं (सबटायटल्स) लावायची ठरली. हिंदी अक्षरं प्रत्येक सिनेमाला नसतात, म्हणून आता अक्षरं आहेत का हे पाहूनच सिनेमा निवडतात, आणि तो आदल्या दिवशीच. सिनेमा चालू असताना कुकर लावायचा नाही. अप्पांची खुर्ची कोपऱ्यातून पुढे आली.

नातवाला मी एवढंच सांगितलं, की अप्पांनी विचारलं तर सिनेमा थांबव, मोबाइलवरून डोळे काढ, त्यांच्याकडे तोंड कर आणि मग बोल. ओरडायचं नाही. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, आणि अर्धं तर ते ओठांवरूनच वाचतात.

तिच्या मूळ प्रश्नावरही आम्ही बोललो. तिच्या लहानपणी, देवासला, रविवारी संध्याकाळी दूरदर्शनचा सिनेमा असायचा. शेजारपाजारचे जमायचे, सतरंजी टाकायची. तिच्या मनात ‘घर’ म्हणजे ती सतरंजी होती. मी विचारलं, तेव्हा सगळे गप्प बसून पाहायचे का? ती हसली. “छे हो! काकू तर सगळी गोष्ट आधीच सांगून टाकायच्या. आम्ही मध्येच झोपायचो. बाबा बातम्यांपुरतेच यायचे.” मग आज पाचही जणांनी अडीच तास हलायचं नाही, हा नियम कुठून आला? नातू अर्ध्यातून उठला तर तो घर सोडून चाललेला नाही. सिनेमा दोन दिवसांत पुरा केला तरी चालतो. माझं मत विचाराल तर मध्ये थांबून चहा होतो तेव्हाच जास्त गप्पा होतात.

आणि तुटत काही नव्हतं. एक माणूस वर्षानुवर्षं काचेपलीकडे बसला होता आणि बाकीचे त्याला हट्टी समजत होते.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. अप्पा यंत्र दिवसातून चार-पाच तास घालतात, फटाके सुरू झाले की काढून डबीत ठेवतात. सासूबाईंचा अक्षरांना अजून विरोध आहे, चेहरे झाकले जातात म्हणे. भाऊबीजेला सिनेमा लावला होता. मध्ये एका प्रसंगात नातवानं आपणहून सिनेमा थांबवला आणि अप्पांकडे वळून सांगायला लागला, “अप्पा, तो म्हणतो की...”

“कळलं रे,” अप्पा म्हणाले. “लाव पुढे.”