नवा फोन घ्या, प्लॅन जुनाच राहू द्या

साताऱ्याच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: चार वर्षांपूर्वीच्या ४जी फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते आणि त्याला सुरक्षा अपडेट येणंही बंद झालंय, म्हणून २४,००० रुपयांचा ५जी फोन बारा हप्त्यांत घ्यायचा विचार आहे. सध्याचा प्रीपेड रिचार्ज ८५९ रुपयांचा, ८४ दिवस, रोज दीड जीबी. त्याचे पन्नासेक दिवस बाकी आहेत. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, एवढा फोन घेऊन जुना प्लॅन कशाला? ४४९चं पोस्टपेड करून टाका.’ घरी वायफाय आहे. काय करावं?

ताई, फोन घ्या. ज्या फोनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्याला सुरक्षा अपडेट मिळत नसतील तर तो बदलायलाच हवा. पोस्टपेडचं मात्र मनातून काढून टाका.

हिशेब वर्षाचा करू. ८५९चा रिचार्ज वर्षाला साधारण ३,७३० रुपयांना पडतो. पोस्टपेडच्या ४४९वर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे महिन्याला ५३० आणि वर्षाला जवळपास ६,३६०. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो, म्हणून दुकानात हे दोन आकडे शेजारी ठेवले की फरक लहान दिसतो. प्रत्यक्षात तो २,६०० रुपयांच्या वर आहे. शिवाय पोस्टपेडला गेलात की प्रीपेडची उरलेली मुदत सहसा बुडते.

जुन्या प्लॅनवर नवा फोन व्यवस्थित चालतो. जिओ आणि एअरटेलचं ४जी सिम ५जी फोनला चालतं, नवं घ्यावं लागत नाही. फक्त जुलै २०२४च्या दरवाढीपासून अमर्याद ५जी मुख्यतः रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर मिळतं. तुमच्या दीड जीबीवर फोन बहुधा ४जीवरच राहील. शाळेत असताना व्हॉट्सॲप, यूपीआय, एखादा व्हिडिओ, एवढ्याला ते पुरतं. तरी खात्री हवी असेल तर उरलेले दिवस नव्या फोनवर काढा आणि कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा वापर बघा. रोज संध्याकाळआधीच डेटा संपत असेल तर पुढचा रिचार्ज २ जीबीचा करा. तो ९७९ला मिळत असेल तर वर्षाला सव्वापाचशेच्या आसपास जास्त जातील. तेवढे द्यायला कचरू नका.

मला जास्त काळजी हप्त्यांची वाटते. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी हप्ते म्हटले तरी बँक व्याज लावतेच; दुकान तेवढी सूट देऊन ते भरून काढतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. क्रेडिट कार्डाचा व्याजदर वर्षाला १६ टक्के धरला तर २४,०००च्या फोनवर हा जीएसटी साडेतीनशेच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि रोखीने घेतल्यावर मिळाली असती ती सवलत बुडते, ती वेगळीच. म्हणून दुकानदाराला आधी एकच विचारा: ‘आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला?’ अडीअडचणीचा निधी बाजूला ठेवून बचत खात्यात तेवढी रक्कम असेल तर रोखीने घ्या. नसेल तर १४-१५ हजारांचा फोन बघा. तोही ५जी असतो, फक्त किती वर्षं अपडेट देणार ते कंपनीच्या साइटवर वाचून घ्या.

एक काम विसरू नका. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं, त्यामुळे रिचार्ज चालू असतानाच सिम हलवा. फोन बदलल्यावर पहिले चोवीस तास यूपीआयवर रकमेची मर्यादाही असते. मुलांची फी किंवा विम्याचा हप्ता भरायचा असेल तर तो आदल्या दिवशी भरून मोकळ्या व्हा.