चर्चमधल्या नव्या विश्वासी तरुणाला शिष्यत्वात कसं घडवायचं? (नागपूर)

आधी बायबलमधलं मत्तय २८:१९-२०, म्हणजे येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा, नीट वाचा. मूळ ग्रीकमध्ये मुख्य आज्ञा एकच आहे: 'शिष्य करा'. शिवाय तिथे नुसतं 'शिकवा' नाही, 'पाळायला शिकवा' असं आहे. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. वर्ग भरतो, वह्या भरतात, वागणं तसंच राहतं.

दोघं-तिघंच बसा, आठवड्यातून एकदा, तासभर. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान वाचायला घ्या. १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर चार महिने. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची वेळ ठरवू नका, कोणी फिरकणार नाही. सकाळी साडेसहा बरं.

उदाहरणार्थ मार्क १:३५. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थना करतो. हे त्या तरुणालाच वाचू द्या, मग विचारा: इथे काय घडलं? येशूबद्दल काय कळलं? तू उद्या काय करशील? 'रोज प्रार्थना करीन' हे उत्तर चालवून घेऊ नका. 'उद्या मोबाइल हातात घेण्याआधी गच्चीवर दहा मिनिटं' हे चालेल. पुढच्या भेटीची सुरुवात त्याने ठरवलेल्या या गोष्टीपासून करा. जमलं नसेल तर रागवायचं नाही, काय आडवं आलं ते विचारायचं.

तुम्ही किती बोलता तेही बघा. अर्ध्याहून जास्त वेळ तुमचाच आवाज असेल तर ते प्रवचन झालं. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला घडवावं. पैशांची उसनवारी मध्ये आणू नये, नातं तिथेच बिघडतं.

आणि घाई नको. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. बाप्तिस्मा १८९५ साली, बऱ्याच वाचन-विचारानंतर झाला.

तिसऱ्या महिन्यापासून एखादा अध्याय त्यालाच चालवू द्या. २ तीमथ्य २:२ मधली साखळी, म्हणजे शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचं, तिथून पुढे जाते.