सामन्याला खासगी विमानानं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

क्रिकेटचा मोसम आणि फॉर्म्युला वनच्या शर्यती जवळ आल्या की चार्टर विमानांबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘विमान कोणतं घ्यावं?’ हा असतो. पैसे असले तर विमान मिळतं. ते उतरवायची वेळ, म्हणजे स्लॉट, आणि उभं करायची जागा नुसत्या पैशानं मिळेलच असं नाही. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत विमानापेक्षा पार्किंगबद्दल जास्त वाचायला मिळेल.

प्रश्न: आम्ही आठ जण. दुबईत भारताचा एकदिवसीय सामना आहे. सकाळी मुंबईहून निघून सामना बघून त्याच रात्री परत यायचं आहे. जमेल का? (वाचक, पुणे)

तुमचं जमेल, वैमानिकांचं जमणार नाही. हिशोब मांडून बघा. दुबईतला दिवस-रात्र सामना साधारणपणे तिथल्या दुपारी १ वाजता, म्हणजे आपल्या अडीचला सुरू होतो. मुंबईत खासगी विमानांना गर्दीच्या वेळी बंदी असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये या बंदीचे तास दिवसाला चारवरून आठ झाले आणि त्यात सकाळी ८ ते ११ ही वेळ येते. म्हणून साडेसातच्या आत चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत. तीन तासांचं उड्डाण धरलं तर तिथल्या ९ वाजता तुम्ही उतराल. सामना सव्वानऊला संपला, तुम्ही दहाला स्टेडियममधून निघालात आणि साडेअकराला विमान उडालं, तर मुंबईत पहाटे पावणेचारच्या सुमारास पोचाल. वैमानिक मात्र पहाटे सहाला कामावर हजर झालेले असतात. म्हणजे जवळजवळ बावीस तासांची ड्यूटी. दोन वैमानिकांच्या क्रूची ड्यूटी सर्वसाधारणपणे बारा-तेरा तासांपलीकडे नेता येत नाही. मधले सहा-सात तास ते हॉटेलात झोपले म्हणून हा आकडा आटोक्यात येत नाही.

मार्ग दोन आहेत. दुसरा क्रू आदल्या दिवशी नेहमीच्या विमान कंपनीच्या विमानानं दुबईला पाठवायचा आणि परतीचं विमान त्यानं चालवायचं. तिकिटं आणि हॉटेल तुमच्या बिलात येतील, पण आठ जणांच्या एकूण खर्चात ती रक्कम फार मोठी नाही. किंवा सरळ मुक्काम करायचा. ‘आमचा क्रू सांभाळून घेईल’ असं ऑपरेटर म्हणाला, तर दुसरा ऑपरेटर शोधा.

विमान कुठे उतरणार हे लेखी घ्या. दुबईत खासगी जेटांचं मुख्य ठिकाण म्हणजे अल मक्तूम विमानतळ, डीडब्ल्यूसी. शहरातला जुना विमानतळ प्रवासी विमानांनीच भरलेला असतो. क्रिकेट स्टेडियम स्पोर्ट्स सिटीत असल्यानं डीडब्ल्यूसी गैरसोयीचा पडत नाही. मात्र गाडी आधी ठरवून ठेवा आणि सुटताना ती स्टेडियमच्या कोणत्या गेटाला येणार तेही चालकाशी पक्कं करा.

पुण्याहूनच निघायचं असेल तर लोहगाव हा हवाई दलाचा विमानतळ आहे हे विसरू नका. धावपट्टीच्या वेळा, त्या वेळी कस्टम्स आणि इमिग्रेशनचे अधिकारी हजर असणं, या दोन्ही गोष्टी ऑपरेटरनं आधी जुळवाव्या लागतात. परदेशी नोंदणीचं विमान आणायचं असेल तर परवानग्यांना आणखी वेळ जातो.

प्रश्न: मुंबईहून दोन रात्रींच्या एकाच दुबई फेरीसाठी दोन ऑपरेटरांचे दर आले. एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. कोण फसवतंय? (वाचक, नाशिक)

बहुधा कुणीच नाही. दोघांनी विमान कुठे उभं राहणार याचा वेगळा अंदाज धरला असेल. समजा दर तासाला ४ लाख आहे (आकडा फक्त हिशोबापुरता, कर वेगळे). जाताना तीन तास, येताना पावणेतीन. विमान तिथेच थांबलं तर उड्डाण होतं पावणेसहा तासांचं. बरेच ऑपरेटर दिवसाला किमान दोन तास लावतात, म्हणून तीन दिवसांचे सहा तास: २४ लाख, वर पार्किंग आणि क्रूचा मुक्काम.

सामन्याच्या दिवसांत जागा नसली की विमानतळ ‘प्रवासी उतरवा आणि निघा’ असं सांगतो. मग विमान रिकामं मुंबईला येतं आणि तुम्हाला आणायला रिकामं परत जातं. साडेअकरा तास, ४६ लाख. त्या दोन रिकाम्या फेऱ्या तुम्हालाच भराव्या लागतात.

मधला मार्ग बहुतेकदा सुचवलाच जात नाही. विमान रास अल खैमा, शारजा किंवा मस्कतला नेऊन ठेवायचं. त्यासाठी जाऊन-येऊन दीड तास वाढला तरी एकूण सव्वासात तास होतात, म्हणजे २९ लाख. दोन्ही ऑपरेटरांना एकच प्रश्न विचारा: ‘पार्किंगचा होकार लेखी आलाय, की फक्त मागणी टाकली आहे?’ स्वस्त दर देणाऱ्यानं नुसती मागणी टाकली असेल, तर उरलेले २२ लाख सामन्याच्या आठवड्यात मागितले जातील.

विमान मुळात कोणत्या शहरात उभं असतं तेही विचारा. मुंबईत जागेची टंचाई असल्यानं ते दिल्लीहून किंवा अहमदाबादहून रिकामं येत असेल, तर तेही तास बिलात धरलेले असतात.

प्रश्न: कोल्हापूरहून थेट दुबई गाठता येईल का?

नाही. देशाबाहेर जायचं तर कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय असलेल्या विमानतळावरूनच. कोल्हापूरहून विमानानं मुंबईला येऊन, सामानासह खाली उतरून, सोपस्कार करून पुन्हा बसावं लागेल. त्यापेक्षा मोटारीनं गोव्यातलं मोपा गाठण्याचा पर्याय तपासा. तो आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि मुंबईची आठ तासांची बंदी तिथे आड येत नाही. मात्र विमान मोपाला आणण्याचा खर्च त्यात धरा.

प्रश्न: मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत. आम्ही सहा जण. कोणतं विमान घ्यावं, कुठे उतरावं, किती आधी ठरवावं? (वाचक, ठाणे)

मोनॅकोला विमानतळ नाही. उतरायचं फ्रान्समध्ये, नीसला. त्यामुळे व्हिसाही फ्रान्सचा शेंगेन. खासगी विमानानं गेलात म्हणून व्हिसाच्या नियमांत काडीचीही सूट मिळत नाही, आणि हे वाक्य दर मोसमात कुणा ना कुणाला ऐकवावं लागतं.

मुंबई ते नीस सरळ अंतर सुमारे ३,५७० नॉटिकल मैल. प्रत्यक्ष मार्ग वळणाचा आणि जाताना वारा समोरून, म्हणून पावणेनऊ-नऊ तास धरा. चॅलेंजर ६५० किंवा फाल्कन २०००एलएक्सएस यांचा जाहीर पल्ला ४,००० नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, पण तो वारा नसताना आणि मोजके प्रवासी असताना. सहा जण, सामान आणि राखीव इंधन धरलं की ती काठावर येतात. निर्धास्त एका दमात जायचं तर फाल्कन ७एक्स, ग्लोबल ६००० किंवा गल्फस्ट्रीम जी५५० या वर्गाचं विमान लागेल. हॉकर ८००एक्सपी या मध्यम आकाराच्या जेटनंही जाता येईल, पण वाटेत इंधनासाठी थांबून. त्या थांब्यात तास-सव्वा तास जातो, पैसे मात्र बरेच वाचतात. सहा जणांना आम्ही हाच पर्याय सुचवू, फक्त वयस्कर माणसं बरोबर असतील तर नको. हॉकरमध्ये केबिन तशी लहान आणि सामानाची जागा केबिनलाच लागून असते. कडक कवचाच्या मोठ्या बॅगा तिथे अडतात, म्हणून कापडी बॅगा न्या. नऊ तासांच्या सरळ उड्डाणाला तिसरा वैमानिक लागेल का, हेही आधीच विचारून घ्या.

ऑपरेटर भारतीय असेल तर त्याच्याकडे युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेची, म्हणजे एआसाची, ‘टीसीओ’ मान्यता आहे का ते पाहा. ती नसेल तर भाडं घेऊन प्रवासी तिकडे नेता येत नाहीत.

नीसला वर्षभर स्लॉट लागतो आणि शर्यतीच्या आठवड्यात पार्किंग जवळपास मिळतच नाही. विमान मार्से, तुलाँ, जेनोआ किंवा तुरिनला नेऊन ठेवतात. पूर्वी शर्यत मे महिन्याच्या शेवटी असायची आणि काही वर्षी कान चित्रपट महोत्सवाला चिकटून यायची. २०२६ पासून ती जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी गेली, त्यामुळे महोत्सवाची विमानं तरी आता आड येत नाहीत. कानचा छोटा विमानतळ नकाशावर मोहक दिसतो, पण त्याची धावपट्टी सुमारे १,६०० मीटरची आहे. मुंबईहून येणाऱ्या मोठ्या जेटांनी त्याच्या नादी लागू नये.

वाटेतल्या देशांवरून उडायच्या, म्हणजे ओव्हरफ्लाइटच्या, परवानग्यांमध्ये सुट्ट्या आडव्या येतात. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी, अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस, युरोपात शनिवार-रविवार. सगळ्यांची कार्यालयं पूर्ण वेळ उघडी असतात ते सोमवार ते गुरुवार. म्हणून प्रवाशांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक दोन आठवडे आधी पक्के करा. गुरुवारी रात्री ‘मेहुण्याच्या जागी साडू येतोय’ म्हणालात तर एजंटाची झोप उडते. जागेचा शोध त्याआधी, स्पर्धेचं वेळापत्रक जाहीर झालं की लगेच सुरू करा.

मार्ग कोलमडला तर काय, हेही ठरवून ठेवा. २३ जून २०२५ रोजी कतार, अमिराती, बहरीन आणि कुवेत यांनी काही तास आपलं आकाश बंद केलं होतं. वळसा घालावा लागला तर वाढीव तासांचे पैसे कोण देणार, ते करारात लिहून घ्या.

नीसहून मोनॅकोला हेलिकॉप्टरनं सात मिनिटं. सामान मात्र रस्त्यानं पुढे पाठवा, कारण हेलिकॉप्टरात वजनाची मर्यादा कडक असते. शर्यत शहराच्या रस्त्यांवरच होते, सर्किट ३.३३७ किलोमीटरचं. त्या दिवशी मोटार निरुपयोगी. लोकल रेल्वे अर्ध्या तासाच्या आत पोचवते, आणि लाजायचं कारण नाही. शर्यत रविवारी दुपारी ३ ला सुरू होते आणि संध्याकाळी सगळ्यांनाच निघायचं असतं. परतीचा स्लॉट सोमवारी सकाळचा मागा.

प्रश्न: ओळखीच्या उद्योगपतींचं स्वतःचं विमान आहे. ‘फक्त इंधन आणि वैमानिकांचे पैसे द्या’ म्हणतात. घ्यावं का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

पैसे न देता पाहुणे म्हणून जात असाल तर खुशाल जा. पैसे दिलेत की ते भाडं झालं, मग त्याला इंधन म्हणा की वर्गणी. खासगी वर्गात नोंदलेल्या विमानाला भाडं घेता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, अनियमित सेवेचा परवाना, एनएसओपी, लागतो. खरा धोका विम्याचा. अपघात झाला आणि पैसे घेतल्याचं निघालं, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. तपासणी सोपी आहे: विमानावरचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा, तो त्याच ऑपरेटरच्या परवान्यावर आहे का ते पाहा, आणि बिल परवानाधारकाच्याच नावानं घ्या.

प्रश्न: घरचा फराळ आणि औषधं नेलेली चालतील ना?

कस्टम्स खासगी विमानालाही असतं. दुबईला जाताना डब्यात अनारसे असतील तर ते घरीच ठेवा, कारण खसखस अमिरातीत प्रतिबंधित आहे. करंजीच्या सारणातही ती असते. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं तिथल्या सरकारच्या आगाऊ परवानगीशिवाय नेऊ नका. बाकी औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

प्रश्न: अंतिम सामना अहमदाबादला असेल तर इतकी कटकट नसेल?

व्हिसा वाचतो, बाकी सगळं तेच. तिथल्या स्टेडियमची क्षमता १ लाख ३२ हजार आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूच्या कसरतींसाठी दुपारी १.२५ ते २.१० आकाश बंद होतं. नाणेफेक दीडला, सामना दोनला. पाऊण वाजता उतरू म्हणणारा थोडा उशीर झाला की घिरट्या घालतो किंवा वडोदऱ्याला जातो. अशा दिवशी अकराच्या आत उतरण्याचा स्लॉट मागा, नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना, आदल्या संध्याकाळी आणि सकाळी अशा दोनदा बघायला सांगा, आणि सामन्याला राखीव दिवस असेल तर त्या दिवसाचाही स्लॉट आणि त्याचं रद्द शुल्क किती, हे करारात आधीच लिहून घ्या.